ताईंचं हरवणं

ताई पहिल्यांदा हरवल्या तेव्हा एका विमा कंपनीच्या गच्चीवर सापडल्या.

पहिल्यांदा म्हणजे कामाच्या निमित्ताने पहिल्यांदा. एरवी त्यांचं हरवणं घरात जुनंच होतं. एकाच इमारतीत वर-खाली लग्नाचे दोन हॉल असले, की हात धुवायला गेलेल्या ताई परत येऊन दुसऱ्याच लग्नात बसायच्या. भाचीसाठी आणलेला डिनर सेट त्यांनी एकदा हसतमुखाने भलत्याच जोडप्याच्या हातात दिला होता, वर फोटोही काढून घेतला होता. तेव्हापासून त्यांच्या धाकट्या भावाला एक विनोद मिळाला. "ताईला शेजारच्या खोलीत पाठवायचं तर सोबत माणूस द्या!" हा धाकटा भाऊ म्हणजे छोट्या. आता तो पन्नाशी ओलांडलेला, दारात उभा राहिला तर आतला उजेड अडवणारा गृहस्थ होता. पण ताईंनी लहानपणी पाडलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. पाहुणे आले की त्याचा हा विनोद व्हायचाच, आणि ताई दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या हसायच्या. छोट्या स्वतः मात्र कधी हरवत नसे. गाडी भलत्याच गल्लीत शिरली तर तो शांतपणे म्हणे, "मुद्दाम इकडून आणली. हा रस्ता मोकळा असतो."

छोट्याची बायको, म्हणजे ताईंची वहिनी, इमारतींमधल्या पाट्यांचं काम करायची. हे काम लोकांना समजावून सांगताना ती दमून जायची. मोठ्या इमारतीत शिरलेल्या माणसाला कुणाचं तोंड न पाहता हवं तिथे पोचता यावं, म्हणून कुठे काय लिहायचं, किती मोठं लिहायचं, किती उंचीवर लावायचं आणि बाण कुठे वळवायचा, हे ती ठरवायची. एवढं सगळं ऐकून घेऊन समोरचा म्हणे, "हो का? म्हणजे पाट्याच."

विमा कंपनीचं काम हे तिचं स्वतंत्रपणे घेतलेलं पहिलं काम. ताईंचे यजमान नुकतेच गेले होते आणि त्यांच्या विम्याच्या कागदांवर सही करायला ताई नेमक्या त्याच कचेरीत गेल्या. दुपार झाली तरी परत येईनात. शेवटी वहिनी शोधत गेली, तर ताई गच्चीवर, वाळत घातलेल्या पोछ्यांच्या सावलीत, पर्स मांडीवर घेऊन बसलेल्या.

"अहो ताई, इथे काय करताय?"

"तुझा बाण वर दाखवत होता, म्हणून चढले," ताई म्हणाल्या. "प्रत्येक मजल्यावर वरच दाखवत होता. मग पाट्या संपल्या. म्हटलं, कुणीतरी येईल न्यायला."

वहिनीने बाण 'सरळ पुढे जा' म्हणून लावला होता. तिच्या ऑफिसातल्या सगळ्यांनी तो तसाच वाचला होता. दुसऱ्या कुणी कपाळावर हात मारला असता, पण वहिनी पोछ्यांखाली मांडी घालून बसली आणि तिने विचारलं, "तुम्हाला पायरीपाशी नेमकं काय वाटलं? जसं वाटलं तसं सांगा. अगदी सुरुवातीपासून."

ताईंच्या हरवण्यावर आजवर सगळे हसले होते. त्या हरवताना त्यांच्या डोक्यात काय चालतं, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. ताई सांगत गेल्या आणि वहिनी ऐकत राहिली. दुसऱ्या दिवशी तो बाण जिन्यापासून लांब गेला, आणि पुढच्या कामाला वहिनीने ताईंना बरोबर नेलं.

पुढे तो रिवाजच पडला. ग्रंथालय असो, कोर्ट असो की पोहण्याचा तलाव, वहिनीची नवी इमारत म्हटलं की ताईंची फेरी. आधी कागदाच्या तात्पुरत्या पाट्या चिकटपट्टीने लावायच्या. मग ताईंच्या हातात एक चिठ्ठी द्यायची, 'तुम्हाला जन्माचा दाखला हवा आहे', 'तुम्हाला नातीला घ्यायला पोहण्याच्या तलावावर जायचं आहे', असं काहीतरी. एका हातात पिशवी, दुसऱ्यात छत्री, कारण रिकाम्या हाताने कुणी कचेरीत जात नाही. ताईंनी मनात येईल ते मोठ्याने बोलत चालायचं. वहिनीने थोडं मागे राहून चालायचं आणि काही झालं तरी तोंड उघडायचं नाही. ताई जिथे थबकल्या, वळल्या, चुकल्या, तिथे नकाशावर लाल ठिपका. नंतर ठिपक्याच्या जागी पाटी.

नव्या ठिकाणी ओळख करून देताना वहिनी सांगायची, "या आमच्या ताई. या हरवतात."

"म्हणजे?" समोरचा साहेब विचारायचा.

"व्यवसायाने," ताई गंभीरपणे उत्तर द्यायच्या.

ग्रंथालयाच्या दारात 'तुम्ही इथे आहात' असा लाल गोळा काढलेला मोठा नकाशा होता. त्याच्यापुढे ताई कितीतरी वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी इथे आहे ते मला ठाऊक आहे. बाकीचं सगळं कुठे गेलं ते सांगा." तेव्हा वहिनीच्या लक्षात आलं, की नकाशात उत्तर दिशा वर आहे, पण बघणाऱ्याचं तोंड दक्षिणेला. नकाशा फिरवून लावला. ते वाक्य वहिनी पुढे सगळीकडे सांगायची, आणि ताई जवळ असल्या तर खाली मान घालून ऐकायच्या, पण कान लाल व्हायचे.

घरात ताईंची खोली स्वयंपाकघराला लागून होती. गॅसवाल्याला दार उघडायचं, पार्सल घ्यायचं, भाजी निवडायची, संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालायच्या. कुणी त्यांना तोडून बोलत नसे. पण घरात त्यांच्यावाचून काही अडत नव्हतं, हेही खरंच, आणि न अडणाऱ्या माणसाला ते सगळ्यात आधी कळतं. फेरीच्या दिवशी मात्र ताई सकाळीच इस्त्रीची साडी नेसून, केस नीट बांधून तयार असायच्या. "आज मला काम आहे," असं शेजारणीला ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगायच्या. अशी कितीतरी वर्षं गेली.

मग हॉस्पिटलचं काम आलं. नवी इमारत, त्यातले खालचे विभाग सुरू झालेले, वरचे व्हायचे. सगळीकडे कागदी पाट्या लागल्या होत्या. त्या तपासून शेवटचा नकाशा दिला की धातूच्या कायमच्या पाट्या बनणार होत्या. त्याच सुमारास वहिनीकडे बसस्थानकाच्या कामाबद्दलही विचारणा झाली. रात्री जेवताना ती छोट्याला सांगत होती, "त्यांना हरवायला दहा-बारा माणसं हवीत. निरनिराळ्या वयाची. बरोबरच आहे म्हणा. पाट्या वाचायची सवय झालेला माणूस आपल्या काही उपयोगाचा नाही. त्याचं हरवणं संपलेलं असतं."

हे ती सहज बोलली. भेंडीच्या भाजीत मीठ जास्त झालंय हेही तिने त्याच सुरात सांगितलं.

"मला नाही हो सवय झाली," ताई एकदम म्हणाल्या. "परवाच बँकेत लॉकरकडे जाताना चुकले. आणि मंगळवारी दातांच्या डॉक्टरांकडे तर सरळ शिंप्याच्या दुकानात शिरले."

नोकरीसाठी अनुभव सांगावा तसं त्यांनी ते सांगितलं. छोट्या हसता हसता ठसकला. "काळजी नको ताई, तुझी जागा कायम आहे! असा माणूस शोधून मिळायचा नाही!"

त्यानंतरच्या फेऱ्यांमध्ये ताई अशा काही हरवल्या, की वहिनीला नकाशावर ठिपके द्यायला जागा पुरेना. विशेषतः एक्स-रेजवळच्या कोपऱ्यावर. तिथे तीन बोळ एकत्र यायचे. तिथे आल्या की ताई थांबायच्या, डावीकडे बघायच्या, उजवीकडे बघायच्या, "अगंबाई, आता कुठे गं?" म्हणायच्या आणि हटकून चुकीच्या बोळात शिरायच्या. वहिनीने तिथे एक पाटी लावली. ताई तरी चुकल्या. वहिनीने ती मोठी केली. ताई चुकल्याच. मग वहिनीने छताला टांगलेली, पाच ओळींची, पाच बाणांची भलीमोठी पाटी लावली, तेव्हा कुठे ताई जरा घुटमळून बरोबर बोळात गेल्या.

आठवड्याभराने स्ट्रेचर ढकलणारा एक कर्मचारी वहिनीला जिन्यात भेटला. "बाई, रागावू नका," तो म्हणाला, "पण त्या एक्स-रेपाशी तुम्ही काय टांगलंय? आधी लोक तिथून सरळ जायचे. आता सगळे वर बघत उभे राहतात. काल माझं चाक एका आजोबांच्या पायावरून जाता जाता राहिलं. हळूच बाजूला व्हा म्हटलं, तर म्हणाले, थांब, अजून तीन ओळी राहिल्यात."

वहिनी चक्रावली. पाटीमुळे लोक थांबतात, म्हणजे पाटी नसताना ते थांबत नव्हते. पण मग ताई तिथे रोज कशा अडखळत होत्या? इतक्या वर्षांत ताईंचा ठिपका कधी चुकला नव्हता. तिला काळजी वाटायला हवी होती, कारण हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना शेवटचा नकाशा द्यायची तारीख दोनच दिवसांवर आली होती. पण तिचा स्वभाव असा, की अशा वेळी आधी कुतूहल जागं व्हायचं आणि काळजी मागून यायची.

दुसऱ्या दिवशी दहाची फेरी ठरली होती. ताईंना "तुम्ही सावकाश या" सांगून वहिनी एकटीच लवकर गेली आणि त्या कोपऱ्यावरच्या वजनकाट्यामागच्या बाकावर बसली. स्ट्रेचरवाला खोटं बोलला नव्हता. माणसं येत, वर बघत, ओठ हलवत एकेक ओळ वाचत, बोटाने बाण मोजत, आणि मागून येणारी त्यांच्या पाठीवर आदळत. गंमत म्हणजे एक्स-रेचं दार समोर ढळढळीत दिसत होतं. कोपरा आंधळी कोशिंबीर खेळायला लावणारा अजिबात नव्हता; फक्त तिन्ही बोळांचा रंग सारखा होता, एवढंच.

इतक्यात ओळखीच्या चपलांचा आवाज आला. ताई! घड्याळात दहाला बराच अवकाश होता. पर्स काखेत मारून, छत्री हलवत, ताई अशा चालत होत्या जशा घरात स्वयंपाकघरातून बाल्कनीत जातात. वहिनी वजनकाट्यामागे आणखी खाली सरकली.

कडेवर मूल घेतलेल्या एका बाईने त्यांना अडवलं. "मावशी, रक्त कुठे तपासतात हो?"

"त्या पाटीकडे नका बघू, डोकं भणभणेल," ताई म्हणाल्या. त्यांनी वर मानसुद्धा केली नाही. "आल्या तशा मागे जा. पाण्याचं मशीन लागेल, तिथून उजवीकडे, निळं दार. पण आधी या कागदावर शिक्का घ्या, नाहीतर परत पाठवतील. शिक्का कुठे, तर औषधांच्या खिडकीच्या अलीकडे. खिडकीपाशी नाही हं, अलीकडे."

एक नर्स घाईघाईने जात होती, ती थांबली. "काय ताई, आज लवकर?"

"दहाला हरवायचंय ना," ताई म्हणाल्या. "म्हटलं, आधी कॉफी घेऊन यावी. तुमच्या कॅन्टीनला नंतर गर्दी होते."

आणि त्या तिसऱ्या बोळाने, दोन वळणं घेऊन, कुठेही न थांबता कॅन्टीनकडे निघून गेल्या. ज्या कॅन्टीनकडे जाणारी पाटी वहिनीने अजून लावलेलीच नव्हती.

दहा वाजता ताई मुख्य दारापाशी हजर होत्या. चेहरा अगदी कोरा. वहिनीनेही काही दाखवलं नाही. तिने चिठ्ठी दिली, 'तुम्हाला हाडांच्या डॉक्टरांना भेटायचं आहे', आणि नेहमीसारखी मागे राहिली.

आजवर वहिनी मागून चालताना पाट्या बघायची. आज ती ताईंना बघत होती. आणि काय काय दिसत होतं! ताई चुकीच्या बाजूला वळण्याआधी एक क्षण बरोबर बाजूला नजर टाकून घ्यायच्या, खात्री केल्यासारखी. खरं हरवलेल्या माणसाचे पाय आधी अडतात आणि चेहरा मागून. ताईंचा चेहरा आधी हरवायचा, पाय बिचारे चालतच असायचे. "अगंबाई, लिफ्ट कुठे गेली?" असं त्या लिफ्टला वळसा घालून म्हणाल्या. वहिनीला हसू येत होतं, संतापही येत होता, आणि हे सगळं आपल्याला आजवर कसं दिसलं नाही याचं नवल त्या दोन्हींहून मोठं होतं.

हाडांच्या विभागाच्या अलीकडे काचेचं मोठं दार होतं. ताई त्याच्यासमोर आल्या, पुढे 'आता कुठे गं' म्हणायला तोंड उघडलं, आणि काचेत त्यांना मागे उभी असलेली वहिनी दिसली. ताईंचं तोंड तसंच उघडं राहिलं.

वहिनीने इतक्या वर्षांचा नियम मोडला. "ताई," ती म्हणाली, "कॉफी बरी होती का?"

प्लास्टर घालायच्या खोलीबाहेर बाक होता. दोघी तिथे बसल्या. ताईंनी छत्री मांडीवर आडवी घेतली आणि तिचं बटण उगाच लावायला-काढायला लागल्या.

"कधीपासून?" वहिनीने विचारलं.

"कधीपासून काय?"

"ताई!"

"इथे पहिल्या दिवशी खरी हरवले होते," ताई म्हणाल्या. "शप्पथ. दुसऱ्या दिवसापासून कळायला लागलं. तुझ्या पाट्यांची एक पद्धत असते ना. जिना आधी सांगतेस, मग लिफ्ट. बाण नेहमी अक्षरांच्या त्याच बाजूला, जिकडे जायचं. इतकी वर्षं तुझ्यापुढे चालले, येणारच की ते."

"आणि ग्रंथालय?"

"ते खरं. ते अगदी खरं."

"कोर्ट?"

"कोर्ट अर्धं."

"अर्धं म्हणजे काय?"

"म्हणजे सकाळी खरी हरवले. दुपारी खोटी."

वहिनीने डोळे मिटले. कोर्टाच्या दुसऱ्या मजल्यावर तिने दुपारच्या फेरीनंतर लावलेल्या चार पाट्या तिच्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. त्या अजून तिथे असतील. त्यांच्याखाली माणसं वर बघत उभी असतील. "आणि पोहण्याचा तलाव?"

"तिथे हरवले नाही. तिथे कुबट वास येत होता म्हणून मागे फिरले. तू ठिपका दिलास."

"मग सांगायचं नाही का?"

"बोलायचं नाही असा तुझाच नियम ना," ताई म्हणाल्या. मग छत्रीचं बटण सोडून त्या वहिनीकडे वळल्या. "एक सांगू? रागावू नकोस. तू मागून चालतेस तेव्हा तुला वाटतं मला दिसत नाहीस. पण हल्ली सगळ्या इमारतींना काचाच काचा. मी बरोबर गेले, की तुझा चेहरा असा पडतो, फ्लॉवर आतून किडका निघाल्यासारखा. आणि मी चुकले, की असा उजळतो म्हणून सांगू! तुझ्या लग्नात तू एवढी खूश नव्हतीस."

वहिनीने ठिपक्यांचा नकाशा मांडीवर पालथा घातला. कारण ते खरं होतं.

"तो तुझा आनंद बघायला म्हणून पहिल्यांदा चुकले," ताई सांगत होत्या. "कोर्टात. मग ते जमत गेलं. आणि त्या दिवशी जेवताना तू म्हणालीस, सवय झालेला माणूस उपयोगाचा नाही. तेव्हा मला वाटलं, आता जरा जोर लावायला हवा."

समोरून प्लास्टर घातलेला एक माणूस कुबडीवर उड्या मारत गेला. दोघींनी पाय आत घेतले.

"मग आता?" ताईंनी विचारलं.

"आता काय?"

"आता मी घरीच ना?"

वहिनीला नाही म्हणायचं होतं. पण खोटं कसं बोलणार? वाट माहीत असलेल्या माणसाला हरवायला कसं नेणार? ती उठली आणि म्हणाली, "चला, ऊन होईल." हे उत्तर नव्हतं, आणि ताईंना तेही कळलं.

संध्याकाळी छोट्या घरी आला, बूट काढता काढता त्याने आत बघितलं आणि म्हणाला, "अरे वा, ताई आज घरी सापडली! मी म्हटलं, कुठल्या वॉर्डात भरती केली की काय!"

ताई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्या हसल्या नाहीत. छोट्याने जरा वाट पाहिली, मग विनोद नीट ऐकू गेला नसेल असं समजून पुन्हा केला. तरी हसल्या नाहीत. तो गोंधळून वहिनीकडे बघायला लागला. वहिनी गॅसपाशी पाठ करून उभी होती. तिच्या मनात एकच भुंगा होता. उद्या सकाळी शेवटची फेरी आणि हरवायला माणूस नाही. कुणाला पकडायचं? ऑफिसातल्या सगळ्यांना नकाशा पाठ. शेजारीण येईल, पण ती कुणालाही विचारत सुटेल, पाटी वाचणारच नाही.

ताई घड्या घातलेले टॉवेल घेऊन स्वयंपाकघरात आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "खरा हरवणारा हवाय ना तुला? घरात आहे एक."

"कोण?"

ताईंनी हनुवटीने बाहेरच्या खोलीकडे दाखवलं. तिथे छोट्या टीव्हीचा रिमोट शोधत होता. तो स्वतःच त्याच्यावर बसला होता.

"हे?" वहिनी म्हणाली. "हे तर कधीच हरवत नाहीत."

"कबूल करत नाही," ताई म्हणाल्या. "शाळेत असताना मी त्याला शोधायला जायची. कधी पेरूच्या बागेच्या कुंपणाशी, कधी लोहाराच्या दारात. रडून डोळे लाल झालेले, पण मला बघितलं की म्हणायचा, मी मुद्दाम आलोय, मला घोड्याचे नाल बघायचे होते. इतकी वर्षं गाडीत तुझ्या शेजारी बसून तो कुठले रस्ते मोकळे म्हणून दाखवत होता, तुला काय वाटलं?"

वहिनीच्या हातातला डाव तसाच राहिला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. तिच्या डोळ्यांपुढून ते सगळे मोकळे रस्ते एकामागून एक गेले. खडी पसरलेले, बैलगाडी आडवी उभी असलेले, एकदा तर थेट एका विटांच्या भट्टीत संपलेला. "आई गं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी छोट्या सुट्टी घेऊन दोघींना गाडीतून घेऊन आला, कारण पाट्यांचं गाठोडं जड आहे असं त्याला सांगितलं होतं. हॉस्पिटलच्या दारात वहिनीने त्याच्या हातात एक कागद दिला. "अहो, एवढा माझ्या रक्ताच्या तपासणीचा रिपोर्ट आणता का? पहिला मजला. आम्ही तोवर हे गाठोडं सोडतो."

"ताईला नाही पाठवलंस ते बरं केलंस," छोट्या म्हणाला आणि निघाला. दोघी अंतर ठेवून त्याच्यामागे. छोट्या गाडी लावून येईपर्यंत ताईंनी स्ट्रेचरवाल्याला शिडी धरायला लावून एक्स-रेजवळची ती टांगलेली पाटी खाली उतरवून घेतली होती. त्या कोपऱ्यावरून छोट्या सरळ गेला. न थांबता, न वर बघता. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि वहिनीने नकाशावरचा जुना ठिपका खोडला.

लाल पेन्सिल मात्र ताईंच्या हातात होती. ती त्यांच्याकडे कधी गेली ते वहिनीला आठवेना.

पुढच्या वळणावर छोट्याने खिशातून फोन काढला आणि कानाला लावला. "हां, बोला," म्हणाला. डावीकडे चार पावलं गेला, परत आला. "हां हां, बघतो."

"कुणाचा फोन असेल?" वहिनी पुटपुटली.

"कुणाचा नाही," ताई म्हणाल्या. "फोन तर तो गाडीत चार्जिंगला लावून आलाय. हातात चष्म्याची डबी आहे." आणि त्यांनी ठिपका दिला.

जिन्यापाशी तो एका भिंतीपुढे थांबला आणि मागे हात बांधून, मान तिरकी करून, तिथलं पत्रक वाचायला लागला. साबणाने हात कसे धुवावेत याचं पत्रक होतं, चित्रांसह. तो शेवटच्या चित्रापर्यंत वाचत गेला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"घरी जेवायच्या आधी दहा वेळा सांगावं लागतं, तेव्हा नळ उघडतो," ताई म्हणाल्या. "इथे ठार हरवलाय बघ." ठिपका.

वहिनी आता ताईंकडेच बघत होती. एका ठिकाणी छोट्या थांबला तेव्हा तिने सवयीने विचारलं, "इथे?"

"इथे नको. इथे त्याला पाटी दिसली आहे. आपण वाचूनच आलो असं कुणाला वाटू नये, म्हणून जरा ऐट करतोय. थांब... हां, गेला बघ."

खोटं हरवलेला माणूस आणि खोटं न हरवलेला माणूस यांचं काहीतरी नातं असणार, असं वहिनीला वाटून गेलं. ताईंना छोट्याच्या मानेवरून, खांद्यांवरून, पायाच्या बोटांवरून सगळं वाचता येत होतं. बसस्थानकाच्या कामाला दहा-बारा माणसं हरवायला लागणार होती. त्यांच्यामागून चालायला आणि खरं-खोटं ओळखायला कुणीतरी लागणारच होतं. एवढी साधी गोष्ट तिला कालच्या बाकावर सुचली नव्हती.

"ताई," ती म्हणाली, "बसस्थानकावर पेन्सिल तुम्हीच धरा."

"बघू," ताई म्हणाल्या. त्यांना आत्ता बोलायला वेळ नव्हता. समोर काठी टेकत आलेल्या एका आजींनी छोट्याला डोळ्यांचा विभाग कुठे म्हणून विचारलं होतं, आणि छोट्या हात लांब करून, अगदी ठामपणे, त्यांना धुण्याच्या खोलीकडे पाठवत होता.

ताई पुढे झाल्या, आजींना हळूच कोपराने धरून बरोबर बोळात वळवलं आणि परत येऊन जागेवर उभ्या राहिल्या. छोट्याला पत्ताच नव्हता. तो खांदे उडवत पुढे चालला होता, जिकडे रिपोर्टची खिडकी मुळीच नव्हती, आणि वहिनी मागून त्याच्याकडे बघत होती. विटांची भट्टी, खडी, बैलगाडी, सगळं हसू होऊन वर येत होतं. तिचा चेहरा असा काही खुलला होता, की शेजारून जाणारी कालचीच नर्स वळून बघत राहिली.

"वहिनी," ताई दबक्या आवाजात म्हणाल्या आणि पेन्सिलीने तिच्या दंडाला टोचलं, "तोंड सरळ कर. पुढे काच आहे."